पायाळू मुलीची पाठ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते मोठेबाबांचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचे. त्यांनी मला गावाहून भिलाईला आणलं, सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरमध्ये ठेवलं आणि शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी झालो, तो त्यांच्यामुळे.

त्या क्वार्टरच्या व्हरांड्यात त्यांची चार वर्षांची नात मला अजून उभी दिसते. ती पायाळू; जन्मताना तिचे पाय आधी आले होते. अशा मुलाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. स्टील प्लांटमधल्या कामानं मोठेबाबांची पाठ सारखी भरायची. तेच पहिले पालथे झोपले आणि तिला पाठीवर उभं केलं. मग क्वार्टरांच्या लाइनीतले बाकीचेही यायला लागले. सुटीची संध्याकाळ, प्लांटच्या बाजूचं आभाळ नारिंगी झालेलं, ओळीनं पालथी पडलेली मोठमोठी माणसं, आणि नाल्यातले दगड ओलांडावेत तशी त्यांच्या पाठींवरून चालणारी ती.

"डॉक्टरीणबाई, फीस काय घेता?"

"दो बिस्किट."

"अन् दर्द नाही गेला तं?"

"तं तीन!"

मोठेबाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. त्यांचा मुलगा म्हणजे माझा दादा, वहिनी, त्यांची ही पोर आणि मी भिलाईतच कोहक्याला राहायला आलो. मोठेबाबा गावी परतले. कान गेल्यामुळे फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही.

ती चौदा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात पाठ दुखते म्हणायला लागली. आम्ही दप्तराला दोष दिला. एका दुपारी पावर हाउसच्या बाजारातून आम्ही दोघं ऑटोकडे निघालो होतो. मागून भाजीवाली ओरडली, "ए नोनी, तोर चप्पल छूट गे!"

मी वळून पाहिलं. तिची डावी चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती. तापलेल्या डांबरावरून ती अनवाणी, मैत्रिणीची काहीतरी गंमत सांगत, बरीच पुढं आली होती. तिला कळलंच नव्हतं. ती हसली. मला हसता आलं नाही.

एमआरआयच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. मशीनचे ठोके भिंतीतून येत होते. त्यांच्या तालावर माझा डोळा लागला आणि मी पुन्हा त्या व्हरांड्यात गेलो. ती शेवटच्या पाठीवरून उतरली आणि तशीच चालत राहिली, पाय जमिनीला न लागता, नारिंगी उजेडाकडे. मी हाक मारत होतो. ती वळत नव्हती.

रिपोर्ट आला तेव्हा वहिनीनं तो माझ्या हातात दिला.

"भाऊजी, तुमीच वाचा. घरात शिकलेले तुमीच."

खरं सांगतो, त्यातलं अर्धं मला समजलं नाही. मणक्याच्या नळीत गाठ आहे, ट्यूमर असू शकतो, एवढं समजलं. तेवढंच मी सांगितलं. ती दारात उभी राहून ऐकत होती.

"काका, सब का दर्द मेरे में आ गया क्या?"

"येडी हाय का तू?" मी म्हणालो.

दादा गावी जाऊन मोठेबाबांना सांगून आला. म्हणाला, "जेवण सोडलं बाबानं. मीच उभं केलं तिले पाठीवर, एवढंच म्हणून राहिले."

तेव्हा, एकाचं दुखणं असं दुसऱ्यात जातं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. पदवी घेतलेल्या माणसानं असं विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर मणका काढून मला समजावलं. मग तेच मी कोहक्याच्या घरी तिला समजावलं. ती बराच वेळ आपल्या डाव्या पायाकडे पाहत बसली.

"मग आबाले बोलाव." मोठेबाबांना ती आबा म्हणते.

"कावून?"

तिनं कारण सांगितलं. त्याच दिवशी मी मोठेबाबांना घरच्या बोलीत पत्र लिहिलं आणि गावाकडे निघालेल्या माणसाच्या हाती दिलं.

"मोठेबाबा, पाया पडतो. मोठ्या अक्षरात लिहून राहिलो, चष्मा शोधत बसू नका. डॉक्टरले मी सोता इचारलं. तुमचं दुखणं तिच्यात गेलं नाही. कोणाचंच गेलं नाही. ही गाठ तिची तिलेच झाली, कावून झाली ते डॉक्टरलेही मालूम नाही. बहुतेक साधी हाय म्हणतात, पण काढून तपासल्याबिगर पक्कं सांगता येत नाही. तुमाले खोटं सांगणार नाही. पुढच्या सोमवारी रायपूरले ऑपरेशन हाय. त्याच्या आधी तुमी या. तिच्या डाव्या पायाले फरशी गरम का थंडी, काहीच समजत नाही. पण ती म्हणते, आबाची पाठ तं समजन. समोरच्या खोलीत चटई टाकून ठेवतो. ती निसता पाय टेकवन, भार मी धरतो. तुमी फकस्त पालथे झोपा. अन् घरून जेवून निघा."