चूपकाका आणि बाईंचा आवाज

नाटक मंडळीत त्यांना सगळे चूपकाका म्हणत. ध्वनियंत्रणेच्या टेबलामागे उभा जन्म गेला, पण तोंडातून शब्द निघायचा तो एकच. विंगेत कुजबुजणाऱ्या नटाला चूप, पिशवी चाळवणाऱ्या प्रेक्षकाला चूप, एकदा तर म्हणे खुद्द नाट्यगृहाच्या मालकालाच.

आज मात्र त्यांच्या खोलीत मंडळीच्या जुन्या नायिका, बाई, लेकीला घेऊन येऊन बसल्या होत्या आणि काकांना घाम फुटला होता. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बाईंकडे उरली होती नुसती फुसफुस. ज्या आवाजानं शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूस ताठ व्हायचा, तो आता फक्त त्यांच्या अखेरच्या प्रयोगाच्या रेकॉर्डिंगमध्ये होता. आणि तिथे तो इतका बारीक, की बाई विहिरीच्या तळातून बोलताहेत असं वाटावं.

"काका, आईचा आवाज एवढा खाली कधीच नव्हता," लेक म्हणाली. "शेजारी तक्रार घेऊन यायचे."

काकांनी हेडफोन बदलला, वायर बदलली. फरक शून्य. मग सगळं रेकॉर्डिंग एकदम वर उचलायला गेले, तर संगणक ढिम्म हलेना. यातला सगळ्यात मोठा आवाज आधीच छताला टेकलाय, आणखी उचललं तर फाटेल, एवढंच त्याचं म्हणणं.

"छताला? इथे तर सगळे जमिनीवर झोपलेत," काका पुटपुटले.

पडद्यावर आवाजाची रेघ सुतासारखी पसरली होती. ती सरकवत ते शेवटच्या प्रवेशापर्यंत आले, तर बाईंच्या स्वगताच्या टोकाला एकच खिळा उभा.

"खुर्ची आपटली असणार कुण्या गाढवानं," म्हणत त्यांनी तेवढा तुकडा वाजवला.

"वा!"

काकांनी तो पुन्हा वाजवला. आवाज त्यांचाच होता. रंगमंचावरची पावलं नकोत, म्हणून माईक त्यांनीच आपल्या टेबलावर ठेवला होता. अख्ख्या नाट्यगृहात सगळ्यात शांत जागा तीच, अशी त्यांची खात्री. बाईंपासून कोसभर लांब आणि काकांच्या थेट तोंडापुढे.

"काका... तुम्ही?" लेकीचा विश्वास बसेना.

"मला आठवतच नाही गं." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थांबा, काढूनच टाकतो."

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. काकांनी कान त्यांच्या ओठांशी नेला.

"इतकी वर्षं तुझ्याकडून नुसतं चूपच ऐकलं रे," बाई फुसफुसल्या. "राहू दे तो."

"पण तो अडवतोय तुमचा आवाज, बाई."

"मग खाली बसव त्याला. पुसू नकोस."

काकांनी खिळा हलकेच दाबला, बाईंच्या शब्दांच्या उंचीवर आणला. मग बाकीचं सगळं उचललं. थोडी खरखर आली वर, पण तिच्यासोबत बाई आल्या. खोली भरून गेली. लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. स्वगत संपलं, "वा!" आलं, आता एखाद्या रांगेतून यावं तसं.

बाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत मान झुकवली, पडद्यापुढे येऊन झुकवायच्या तशीच. काका मात्र आपल्याच तोंडावर हात ठेवून बसले होते.