मीटर काय म्हणतो ते सांगा

लोक डॉक्टरपासून काहीबाही लपवतात, वकिलापासूनही लपवतात. एसीवाल्यापासून मात्र कोणी काही लपवत नाही. आपण स्टुलावर उभे, तोंड जाळीत, पाठ घराकडे. पाठीला कान नसतात असा लोकांचा पक्का समज असतो. त्यामुळे एका उन्हाळ्यात जे ऐकू येतं ते सांगायला अख्खा पावसाळा पुरत नाही.

आमचं घर मखमलाबादचं, गुलाब-शेवंती लावणारं. पहाटे फुलांच्या पाट्या बाजारात न्यायच्या सोडून मी आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला. वर्गात मुलगी मी एकटीच. थोरला अशोकदादा आधीपासून याच धंद्यात होता. नव्वदच्या आसपास आम्ही दोघांनी शरणपूर रोडला छोटं दुकान टाकलं. दादाला उंचीची भीती, म्हणून दुकान आणि फोन त्याच्याकडे. गॅलरीबाहेर लटकायचं काम माझं.

* * *

अडचण एकच होती. मी दार वाजवलं की लोक माझ्या मागे बघायचे, मिस्त्री कुठे आहे म्हणून.

गंगापूर रोडला एक निवृत्त इंजिनियर राहायचे. त्यांच्या एसीला गॅसचा दाब दाखवणारा गेज लावला, काटा बघितला आणि सांगितलं, गॅस कमी झालाय, कुठेतरी लीक आहे. त्यांनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं, "ते ठीक आहे, पण मिस्त्री कधी येणार?"

शेवटी दादाला बोलावलं. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला, मशीनकडे वळूनही न बघता म्हणाला की गॅस कमी आहे. साहेबांना लगेच पटलं.

दादाला ते लागलं असावं. पुढच्या मुंबईच्या फेरीत त्याने डिजिटल थर्मामीटर आणला. इंचभर काच, त्यात काळे आकडे, वायरच्या टोकाला सळई. माझ्या हातात देऊन म्हणाला, "उद्यापासून तुझ्यासोबत हा येईल."

त्याच साहेबांकडे पुन्हा जायची वेळ आली. मी जाळीला सळई लावली, तीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि मीटर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आकडा वाचला, मान डोलावली, आणि माझ्याकडे नाही, मीटरकडे बघून म्हणाले, "बरोबर सांगतोय."

* * *

कॉलेज रोडच्या एका वकिलांची तक्रार होती की त्यांच्या एसीत दम नाही. मीटर खरं दाखवतो का हे बघायची सोपी युक्ती असते. सळई बर्फाच्या पाण्यात बुडवायची, आकडा शून्याजवळ आला पाहिजे. मी बर्फ घातलेला ग्लास मागून घेतला, सळई त्यात सोडून टीपॉयवर ठेवली आणि स्टूल आणायला गेले.

परत येते तो वकीलसाहेब मीटरवरच्या शून्यासमोर हात बांधून उभे. त्यांच्या आईंच्या अंगावर शाल पडली होती आणि बायको भराभर पडदे सारत होती. एकदम एवढा गारवा आईंना सोसायचा नाही, जरा कमी करून द्या, असं ते मला सांगू लागले. मी म्हटलं, साहेब, एसी अजून चालूच केलेला नाही.

त्यांनी क्षणभर विचार केला. वकीलच ते.

"मग करूच नका," म्हणाले.

* * *

मग दादाने लीक शोधायचं मशीन आणलं. हातभर लवचीक नळी आणि तिच्या टोकाला नाक. गॅसचा वास लागला की टिकटिक वाढत जाते. पण हे नाक फार चोखंदळ नव्हतं. स्पिरिट, सेंट, असला कुठलाही वास आला तरी बोंबलायचं.

एका कार्यालयात साहेबांच्या केबिनमध्ये एसीभोवती नळी फिरवली, तर मशीन गप्प. मागे वळले, तर साहेबांच्या लोखंडी कपाटाजवळ ते जीव तोडून ओरडायला लागलं. साहेब म्हणाले, मशीन बिघडलेलं दिसतंय. शिपायाला मात्र सगळं खरं वाटलं. गॅस कपाटात साठला असेल म्हणून तो बिचारा कपाट उघडायला धावला, तसे साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"राहू दे. तिथे गोपनीय फायली आहेत."

केबिनमध्ये सह्यांसाठी चार लोक उभे होते. सगळे छताकडे बघायला लागले.

ही बातमी कशी कोण जाणे, घरापर्यंत गेली. काही दिवसांनी दुकानात साहेबांच्या पत्नीचा फोन आला. मी विचारलं, वहिनी, एसी कुठल्या खोलीतला बघायचाय?

"एसी नाही हो आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "ते ओरडणारं मशीन तेवढं घेऊन या."

* * *

सिंहस्थाच्या वर्षी त्र्यंबकेश्वरला ज्याला त्याला लॉज काढायचा होता. अशाच एका नव्या लॉजमालकाचा निरोप आला. खोल्यांना एसी होते, जुन्या बाजारातून आणलेले, ताज्या रंगाचे. मी गेज लावले. एकातही गॅस नव्हता. दोन मशीनांत तर कॉम्प्रेसरच नव्हता. तसं स्पष्ट सांगितलं.

मालकाला त्याचं काही वाटलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, धुकं पार ओसरीवर आलेलं, आणि तो स्वतः कानटोपी घालून बसला होता. म्हणाला, ताई, इथे गारवा ब्रह्मगिरी देतो, फुकट देतो. मशीनचा पंखा फिरला म्हणजे झालं.

"मग मला कशाला बोलावलं?"

"प्रत्येक खोलीत तुमचा तो आकड्याचा डबा लावून द्या. आकडा दिसला म्हणजे एसी रूम."

नाही म्हणून मी परत आले. पुढे कळलं की त्याने दुसऱ्या कोणाकडून लावून घेतले. सगळ्या खोल्यांत अठरा आकडा यायचा आणि तो अगदी खरा असायचा.

* * *

लेसरचा लाल ठिपका पाडणारा, पिस्तुलासारखा थर्मामीटर आला तेव्हा दादा आठवडाभर भानावर नव्हता. चहा, भिंत, स्कूटरची सीट, जे दिसेल त्यावर ठिपका. एकदा संध्याकाळी वहिनी पोळ्या करत होती, चिडलेली होती. दादाने दारातून तिच्या कपाळावर नेम धरला आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

वहिनीने लाटणं त्याच्या हातात दिलं, पिस्तूल काढून घेतलं आणि बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसली. थोड्या थोड्या वेळाने आत येऊन तव्यावर ठिपका टाकायची आणि म्हणायची, "अजून तापला नाही."

* * *

दिंडोरीकडे भाऊसाहेब म्हणून एक द्राक्षबागायतदार होते. परदेशी जायचा माल त्यांच्या थंड खोलीत ठेवत. तिथलं तापमान सतत टिपणारी एक छोटी डबी निर्यात करणाऱ्या कंपनीने मालाजवळ ठेवायला दिली होती. तिच्यावरून आलेख निघायचा. आलेख चुकला की माल परत.

त्या वर्षी थंड खोलीच्या लाइनला लोडशेडिंग भयंकर होतं, पण भाऊसाहेबांचा आलेख एकदम सुरेख. फक्त रोज पहाटे आणि दुपारी एक उंचवटा यायचा. कंपनीच्या माणसाला वाटलं मशीनमध्ये काही दोष असेल, म्हणून तो मला घेऊन तिथे गेला. मी सगळं तपासलं. त्या वेळांना उंचवटा यायचं काही कारण सापडेना. भाऊसाहेब म्हणाले, "मशीन लय भारी हाय, ताई. हवेचाच काही फरक असंल."

तेवढ्यात त्यांची आई चहा घेऊन आली. कंपनीचा माणूस आहे हे कळल्यावर तिने त्याच्याकडेच गाऱ्हाणं नेलं.

"तुमची ती डबी घेऊन जा बाबा. फ्रिजमधून दूध काढायचं म्हणलं की आधी तिला सरकवावं लागतं."

कंपनीच्या माणसाने कप हातात घेतला, चहाकडे बघितलं, आलेखाकडे बघितलं. भाऊसाहेब बागेकडे बघत होते.

* * *

माझं लग्न ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. सिन्नरचं एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, मला आवडलाही होता. त्याच्या आईने विचारलं, लग्नानंतर हे लोकांच्या बेडरूममध्ये जाणं सोडणार ना? मी नाही म्हटलं. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी हुशार आहे, पण त्यांना शांत, घरात रमणारी हवी. आई रडली. मी तो दिवस एका बँकेच्या गच्चीवर काम करत काढला.

पुढे माझं लग्न झालं, दुकान वाढलं, काट्यांचे गेज जाऊन डिजिटल आले. एका उन्हाळ्यात सिन्नरहून फोन आला. आधी दोन मिस्त्री काट्याचं मशीन लावून गेले, एसीचा दोष सापडत नाही, तुमच्याकडे नवं मशीन आहे म्हणे. पत्ता त्याच सिन्नरच्या स्थळाचा होता. तरी गेले.

दार त्याच बाईंनी उघडलं. मला ओळखलं, पण तसं काही दाखवलं नाही. सून खरोखरच शांत दिसली. डोक्यावर पदर, पाणी देऊन मागे जाऊन उभी राहिली.

बाईंची तक्रार वेगळीच होती. मुलगा घरी असला की एसी मस्त चालतो. दुपारी त्या एकट्या आडव्या झाल्या की नुसता वारा येतो, तोही गरम. त्या घामाने भिजतात आणि उठून बसतात.

मी गॅलरीत जाऊन बाहेरच्या युनिटला गेज लावले. आकडे अगदी हवे तसे. बाईंना म्हटलं, तुम्ही रोजच्यासारख्या पडा, मी बघते. त्या पडल्या. थोडा वेळ गेला आणि कॉम्प्रेसर गपकन थांबला. गेजवरचे दोन आकडे एकमेकांकडे सरकायला लागले. कॉम्प्रेसर बिघाडाने नाही, कोणाच्या तरी हुकमाने थांबला होता. मी खिडकीतून आत पाहिलं.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराखालून रिमोटचं टोक दिसत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"काही सापडलं का?" बाईंनी आतून विचारलं. "घरात तसं कोणी हात लावत नाही हो. रिमोट सूनबाईच सांभाळते, मला त्यातलं कळत नाही."

मी म्हटलं, मशीन ठणठणीत आहे, लाइट कमी-जास्त होत असेल. बाईंना पटलं. सिन्नरची लाइटच तशी, म्हणाल्या.

सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. कडी लावता लावता, मान खाली घालून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"ताई, पुढच्या वेळी काट्याचंच मशीन आणा."