पापणीचे टाके

माझ्या नणंदेइतकी कमी रडलेली बाई आमच्या सोनपेठात दुसरी झाली नसेल, आणि तिच्याइतकी रडकी म्हणून ओळखली गेलेलीही दुसरी नसेल. दोष तिच्या पापण्यांचा होता. वरच्या पापण्या जन्मापासूनच जड, आणि चाळिशी आली तशा त्या डोळ्यांवर पार उतरल्या. आत्ताच रडून उठली आणि थोड्या वेळानं परत बसणार, असं तोंड दिसायचं. त्यात ती नवऱ्यानं टाकलेली. पालमला दिली होती. दोन वर्षांत त्यानं दुसरी केली आणि ही परत आमच्याकडं आली. मग लोकांना आणखी काय पाहिजे? बाजारात भाजीवाली वजन झाल्यावर मूठभर मिरच्या वर टाकायची आणि "उगी माय" म्हणायची. नणंद त्या मिरच्या एकेक करून तिच्या टोपलीत परत ठेवायची. एसटीत कंडक्टर उठून तिला स्वतःची जागा द्यायचा. एका कीर्तनात बुवांनी संसाराचं दुःख सांगता सांगता हिच्याकडं हात केला, तर ही तिथंच उठून म्हणाली, "महाराज, मला झोप आलीया. तुमचं चालू द्या."

खरं तर ती हसरी होती, आणि जराशी चढेल. साऱ्या गावाचे ब्लाऊज ती शिवायची. माणूस भेटलं की आधी शिवणीकडं बघायची, मग तोंडाकडं. मयताला गेली तरी परत येताना मला हळूच सांगायची की अमकीच्या बाहीला चुण्या पडल्यात. एकदा माझ्या नवऱ्याला भरल्या पंगतीतून उठवून तिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर उसवली, कारण ती दुसऱ्या शिंप्यानं बसवलेली होती आणि त्या कॉलरीसमोर हिला घास जाईना. माझी पोरगी तिनंच वाढवली. मी दिवसभर शेतात असायची, पोर मशीनच्या पायाशी चिंध्यांत खेळायची. मला आई म्हणायची ते नावापुरतं. मला त्याचं काही वाटलं नाही. कामं वाटून घेतलेली बरी असतात.

तर त्या पोरीचं लग्न ठरायला लागलं आणि स्थळ निघालं पालमचं, नेमकं तिच्या नवऱ्याच्या भावकीतलं. म्हणजे वऱ्हाडात तो येणार, दुसरीला घेऊन येणार. माझा नवरा म्हणाला, नको हे स्थळ. नणंद म्हणाली, पोरगा चांगला हाय, करायचं. मग दोन दिवस तिची मशीन बंद. तिसऱ्या दिवशी बघते तर ही आरशापुढं बसून कापडावर खुणा करायच्या खडूनं स्वतःच्या पापणीवर रेघ ओढत होती.

"हे काय करायल्यात, ताई?" मी विचारलं.

"जादा कापड हाय, वैनी. इतकं काढलं की नीट बसतंय." मग खडू खाली ठेवून म्हणाली, "तो बघंल आन म्हणंल, वीस वर्सं माझ्यासाठी रडायलीय. साऱ्या गावाला म्हणू दिलं मी. त्याला न्हाई म्हणू द्यायची."

आमच्या भागातले लोक मोठ्या इलाजाला हैदराबादला जात. मीही तिला तिथंच घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे होते, शांतपणे बोलायचे. म्हणाले, नजर साफ आहे, आजार काहीच नाही, हे सगळं दिसण्यापुरतं आहे. ती म्हणाली, मग दिसण्यापुरतंच करा, आणि पिशवीतून खडू काढला. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवून आपली पेन्सिल घेतली, पण त्यांची रेघ बरोबर हिच्या रेघेवरच आली, असं ती मरेपर्यंत सांगायची. शुद्धीवर राहूनच शिवून घेतलं. बाहेर आली ते तक्रार करतच. टाका बारीक हाय, पण डाव्या बाजूला दोरा जरा ओढलाय.

परत येताना परभणीला उतरलो तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी सगळ्या डेपोत. स्टँडवरच्या पोलिसानं तिचे काळेनिळे सुजलेले डोळे बघितले आणि विचारलं, बाई, दगड लागला का? ही म्हणाली, "न्हाई साहेब, आल्टर केलंय." त्या बिचाऱ्यानं आम्हाला बसायला बाक रिकामा करून दिला.

डॉक्टरांनी नियम घालून दिले होते. डोकं उंच ठेवायचं, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, महिनाभर रडायचं नाही. शेवटच्या नियमाला ती हसली, तर हसायचंही नाही म्हणाले. घरात लग्नाची गडबड. आम्ही सगळ्या कांदे चिरून चिरून रडत होतो आणि जिला रडकी म्हणायचे ती ओसरीवर तीन उशांना टेकून, काळा चष्मा लावून, आम्हाला हुकूम सोडत होती.

गल्लीला काय सांगायचं, हा प्रश्न होता. तिनंच सांगितलं की डोळे आलेत. तिथं फसली. आमच्याकडं मानतात की डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात. त्यामुळं बाया विचारपूस करायला यायच्या, पण भिंतीकडं तोंड करून बसायच्या. पाच-सहा बाया ओळीनं भिंतीशी बोलत आहेत आणि मागून ही त्यांच्या पाठीवरच्या शिवणी तपासत आहे, असं आठवडाभर चाललं. त्यातच आल्या डोळ्यांना आईचं दूध घालायची आमची जुनी रीत. शेजारीण आपल्या अंगावर पाजणाऱ्या सुनेलाच घेऊन आली. नणंद आयुष्यात पहिल्यांदा पळाली. धान्याच्या खोलीत शिरून आतून कडी लावली आणि ओरडली की लेकराच्या तोंडचं मला नको. शेजारीण दाराला तोंड लावून समजावत होती, "लाजू नका ताई, लय येतंय तिला."

टाके काढायला परत हैदराबादला जाणं जमलं नाही. गावातल्या डॉक्टरनं पापणीचे टाके कधी काढले नव्हते, तर हिनं एका हातात आरसा धरून त्याला सांगितलं, गाठीच्या खाली कापा, वरून ओढा. उजवी पापणी छान निघाली. डावी मात्र सुजलेलीच राहिली. लग्न आठ दिवसांवर आलं. ती रोज खडूनं सुजेच्या कडेला खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी सूज खुणेच्या आत आहे की बाहेर ते बघायची. एवढी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"चष्मा लावूनच उभी राहीन," ती म्हणाली.

"मग म्हणंल, रडून रडून आंधळी झाली," मी म्हणाले. तिनं घड्या वाढवल्या.

हळदीच्या दिवशी सूज उतरली. तिचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा पुरते बघितले. चांगले मोठे होते. मी म्हणाले, बरं बसलंय. माझ्या तोंडून याहून जास्त निघत नाही, हे तिला माहीत होतं.

तो आला. जाडा झाला होता. नणंद मुद्दाम बुंदीचं ताट घेऊन त्याच्या पंगतीत गेली, त्याच्यासमोर थांबली, वाढलं आणि पुढं सरकली. तो जेवण सोडून बघत राहिला. नंतर हात धुताना मला म्हणाला, "ताई तुमच्या खुशाल दिसायल्यात." ते त्याला आवडलेलं दिसलं नाही. मी हिला सांगितलं, तर म्हणाली, "सदरा काखेत ओढायलाय त्याचा. कुणाकडून शिवून घेतलाय की."

मग पोरीची पाठवणी आली. पोरगी माझ्या गळ्यात पडली आणि सुटली, आत्याच्या गळ्यात पडली ती सुटेना. सगळा मांडव रडत होता. जीपजवळ तो उभा होता आणि सरळ हिच्याकडंच बघत होता. हिनं मान वर केली आणि लिंबाच्या शेंड्याकडं बघत राहिली. हात पोरीच्या पाठीवर, पण डोळे कोरडे. पोरीनं वर बघितलं. आत्याला आपलं काहीच वाटत नाही, असं तिच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. हिलाही दिसलं. तरी हिनं मान खाली केली नाही.

जीप गेली. धूळ खाली बसल्यावर तिनं विचारलं, "गेला का?"

"गेला."

ती मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली आणि पोरीचं नाव घेऊन इतकी रडली की आचारी चूल सोडून आले. महिना व्हायचा होता. मी घड्या भिजवून आणल्या. दुसरं काय करणार? चार दिवसांनी पोरगी माहेरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. मी कुणाच्या मधे पडत नाही, पण तेव्हा पडले. पोरगी आत्याच्या मशीनच्या पायाशी जाऊन बसली, ती जेवायलाही उठेना.

त्या टाक्यांनी एक मात्र झालं. तिच्या पापण्या झोपेत पुऱ्या मिटेनाशा झाल्या, बारीक फट राहायची. दुपारी पोरं तिच्या समोरून गूळ चोरायला भ्यायची. ती मजेत घोरायची.

ती गेली तेव्हाही ती फट तशीच होती. मी दोनदा हात फिरवला. बाया म्हणाल्या, पट्टी बांधा, मिटतील. मी म्हणाले, राहू द्या, तिला आलेल्या बायांच्या शिवणी बघायच्या असतील. आणि माझी बाही वर सरकली होती, ती मी नीट केली.