आमच्या घरातला क्रांतिकारक

आमचे हे कॉलेजात होते तेव्हा मित्र त्यांना ‘प्रतिगामी’ म्हणायचे. मोर्च्यात जायचे नाहीत, घोषणा द्यायचे नाहीत, आणि मत जन्मभर एकाच जुन्या वळणाच्या पक्षाला. तत्त्वंही तीच. नियम माणसापेक्षा मोठा, खुर्ची वेळेवर सोडावी, विरोधकाचं आधी ऐकून घ्यावं, आणि देवाशिवाय कोणाची आरती ओवाळू नये. लग्नापासून इतक्यांदा ऐकलीत की भाजी निवडता निवडता म्हणून दाखवीन.

आता टीव्हीसमोर बसून ह्यांनी तेच म्हटलं की भाचा विचारतो, "मामा, तुम्ही डावे होऊन राहिले का?" ह्यांनी तर सोफ्याचा कोपरासुद्धा बदललेला नाही.

खरी गंमत झाली ती आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत. अध्यक्ष म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. माणूस सोन्यासारखा, पाण्याचा टँकर आला नाही तर स्वतः फाटकावर उभे राहतात. दर रविवारी दोघं स्कूटरवर तर्री-पोहे खायला जातात आणि येताना माझ्यासाठी एक पुडा आणतात. सोसायटीचा जुना नियम असा की सलग दोनदाच अध्यक्ष होता येतं. यंदा त्यांची दुसरी खेप संपत होती, तर सभेत कोणीतरी म्हणालं, इतका चांगला माणूस असताना हा नियम हवा कशाला, काढून टाकू. टाळ्या पडल्या.

हे उठले. मी खालून सदरा ओढला, पण ऐकतील तर शपथ.

"तू चांगला आहे म्हणूनच बोलून राहिलो," ते मित्राला म्हणाले. "तुझ्यासाठी नियम मोडला, तर उद्या वाईट माणसाले कोण अडवन? म्हातारी मेल्याचं दुःख नाही गा, काळ सोकावतो."

"म्हणजे म्हातारी मी का?" अध्यक्षांनी विचारलं. सभा हसली, ते हसले नाहीत.

मागून एक तरुण ओरडला, "काका तर क्रांतिकारक निघाले!"

ज्या माणसाने रिकाम्या चौकातसुद्धा कधी सिग्नल तोडला नाही, तो क्रांतिकारक! माझं डोकंच फिरलं. नियम काढायच्या विरोधात ह्यांचा एकट्याचा हात वर गेला, आणि लगेच शेजारी माझा. नियम गेला तो गेलाच.

त्या रविवारी स्कूटर आली नाही. हे सकाळपासून तयार होऊन बाल्कनीत उभे. मी घरीच पोहे केले, वर झणझणीत तर्री ओतली. "छान झाले," म्हणाले आणि अर्धी बशी तशीच ठेवली.

"फोन करा ना एक," मी म्हटलं.

"काय सांगू त्याले? चुकलो म्हणू? चुकलो नाही मी." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण एवढा जुना दोस्त आहे वं." मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी ह्यांनी कपडेही बदलले नाहीत. कालचाच पेपर पुन्हा वाचत बसले. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. बाल्कनीतून पाहिलं तर अध्यक्ष स्कूटरवर बसून, मान वर करून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असे ओरडत होते.

"चाल ना गा! म्हातारी जिती आहे अजून. पोहे थंडे होऊन राहिले!"

हे पायजम्यावरच धावत जिना उतरले. त्या दिवशी दोघंही माझा पुडा आणायला विसरले, आणि मी एका शब्दाने बोलले नाही.