दसऱ्याला घरी कुणीच नव्हतं

हिरावहिनीला घराबाहेर काढलं ते १९७५ सालच्या दसऱ्याला, संध्याकाळी, सोनं वाटायच्या वेळी. जागा मालाडमधली आमची चाळ, दुसरा मजला. काढणारा तिचा नवरा, वसंतराव. हे आधीच लिहून टाकते, कारण गेल्या महिन्यात ती वारली आणि चाळीच्या फळ्यावर खडूने जे लिहिलं गेलं त्यात यातलं अक्षरही नव्हतं. फळ्यावर होतं, ‘आमचे शेजारी वसंतराव यांच्या प्रेमळ पत्नी सौ. हिराबाई यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ प्रेमळ पत्नी! जिला चार वर्षं या माणसाने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, ती घटस्फोटाचा निकाल लागायच्या आत मेली म्हणून कागदोपत्री त्याची बायकोच राहिली आणि तो रीतसर विधुर झाला. गॅलरीत खुर्ची टाकून बसला. लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. खालच्या मजल्यावरच्या काकू डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “अहेव गेली हो, भाग्याची.” मी म्हटलं, “काकू, असलं भाग्य तुमच्याच लेकीबाळींना मिळो.” आईने मला असं कोपर मारलं की बरगडी दुखली… पण काकूंना बोलल्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

मी एका स्त्री संघटनेची पत्रकं लिहिते आणि स्टेशनबाहेर उभी राहून वाटते. मऊ लिहायची सवय नाही. हिरावहिनीलाही मऊ बोलायची नव्हती. ती मनोरीची, कोळ्याची पोर. तिची आई रोज मार्व्याच्या धक्क्यावर होडीतून उतरून मालाडच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. वसंतरावही कोळ्याचाच, त्याचंही शिक्षण त्याच्या आईने डोक्यावर पाटी वाहून केलं. पण कचेरीत कारकून झाल्यावर त्याला त्या पाटीचा वास यायला लागला. आमच्या पांढरपेशा चाळीत तो राहायला आला तोच तो वास चुकवायला. वहिनीने मात्र आल्या आल्या गॅलरीतल्या बायकांना मासळी घ्यायला शिकवलं. “कल्ला उघडून बघ गं बाय,” म्हणायची, “माशाचा बघतेस, लग्नाआधी नवऱ्याचा बघितला असतास तर?” आणि स्वतःच इतकी मोठ्याने हसायची की खालच्या मजल्यावरून कुणीतरी “काय झालं?” विचारायचं.

त्या वर्षी तिची आई आजारी पडली. बाजारातली जागा रिकामी राहिली तर दुसरी बसते, म्हणून वहिनी काही दिवस आईच्या जागेवर बसली. नेमकी वसंतरावच्या साहेबाची बायको पापलेट घ्यायला आली, आणि कचेरीच्या समारंभात भेटलेली ही बाई तिने ओळखली. बस्स. दसऱ्याला संध्याकाळी वहिनी घरी आली तर दाराला आतून कडी. “जिथून आलीस तिथे जा,” एवढंच आतून ऐकू आलं. चार वर्षांची मंगल नवा फ्रॉक घालून आपट्याची पानं वाटत गॅलरीत फिरत होती. तिच्या आत्याने बाहेर येऊन तिला दंडाला धरून आत ओढलं आणि दार पुन्हा लागलं. वहिनी उंबऱ्याशी बसून राहिली. आणि माझी सुसंस्कृत चाळ काय करत होती? सोनं वाटत होती. वसंतरावने खिडकी उघडली आणि लोकांनी बसलेल्या बाईच्या डोक्यावरून हात लांबवून त्याला खिडकीतून पानं दिली. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.” तेव्हा मी मुलुंडला मावशीकडे होते. हे सगळं मला वहिनीने सांगितलं आणि नंतर, दार लावून, कुजबुजत, माझ्या आईने.

ते साल महिला वर्षाचं होतं, बरं का. आमच्या चाळीच्या महिला मंडळाने त्यानिमित्त पाककृती स्पर्धा घेतली होती.

मी वहिनीला बोरिवलीच्या सबनीस वकीलबाईंकडे नेलं. बाईंच्या घरातल्या पुढच्या खोलीतच ऑफिस, बसायला पलंग, आणि बोलणं सुरीसारखं. “रडायचं असेल तर इथे रडून घे,” म्हणाल्या, “कोर्टात फक्त कामाचं बोलायचं. आता ऐक. पोटगी वेगळी, पोरीचा ताबा वेगळा, घटस्फोट वेगळा. एक मिळालं म्हणून दुसरं मिळतं असं नाही आणि एक गेलं म्हणून दुसरं सोडायचं नाही. तुला यातलं काय हवंय?”

“माजी पोर.”

“आणि पोटगी?”

“ती त्याच्या तोंडावर फेकून मारायला लागेल ना, वकीलबाय.”

“फेकू नकोस. तो पोरीचा खर्च आहे, त्याची मेहेरबानी नाही.”

पोटगीचा अर्ज अंधेरीच्या कोर्टात घातला, आणि तारखा पडत गेल्या. वसंतराव शहाणा. दोन वर्षं गप्प बसला. कायदा बदलून ‘जोडीदाराने सोडून दिलं’ हे घटस्फोटाला कारण झालं होतं. तेवढी मुदत भरताच त्याने फोर्टातल्या कोर्टात अर्ज ठोकला की बायको मला सोडून माहेरी गेली. मी चिडून म्हटलं, “सोडून गेली? हिला तर हाकललं!” वकीलबाई म्हणाल्या, “तेच सिद्ध करायचंय. उंबरा कोणी ओलांडला एवढंच कायदा बघत नाही, ओलांडायला कोणी लावलं तेही बघतो. तू पाहिलंस?” मी म्हटलं, नाही, पण सगळ्या चाळीने पाहिलं. “सगळी चाळ कोर्टात उभी राहत नाही. एक माणूस आण.”

एक माणूस! मी प्रत्येक दार ठोठावलं. मास्तर म्हणाले, आम्ही त्या दिवशी बाहेरगावी होतो. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, आमचं दार बंद होतं. काकू म्हणाल्या, मला संध्याकाळचं नीट दिसत नाही. आणि आमचे अण्णा, माझे वडील, ज्यांनी स्वतःच्या हाताने त्या खिडकीत पान दिलं, ते म्हणाले, “आपल्याला कोर्टकचेरी काय करायची आहे? उद्या वसंतरावांचं तोंड बघायचंय.” मी विचारलं, “आणि वहिनीचं?” अण्णांनी पेपर वर धरला. मी हे सगळं सांगितलं तेव्हा वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. “दसऱ्याला संध्याकाळी चाळीत कुणीच नव्हतं? मग सोनं काय भुतांनी वाटलं?”

वसंतरावचा वकील तर रत्नच. पोटगीच्या कोर्टात तो म्हणाला, बाई मासळी विकते, भरपूर कमावते, तिला पोटगी कशाला? त्याच आठवड्यात, ताब्याच्या अर्जावर, फोर्टात म्हणाला, बाई मासळी विकते, हिचं काय उत्पन्न, हिला मूल कसं द्यायचं? शिवाय मुलीला त्या वासाची किळस आहे. कोळ्याच्या नातीला! वहिनी कोर्टाच्या पायरीवर बसून हसत सुटली. “एका कोर्टात मी सावकारीण, दुसऱ्या कोर्टात भिकारीण. बाय, तिसरं कोर्ट असेल तर बघ, राणी होते का.” हसता हसता मग तिने तळहात नाकाशी नेऊन हुंगले.

कोर्टाने निकाल लागेपर्यंत भेटीची परवानगी दिली. भेटी वकीलबाईंच्या घरी व्हायच्या. वहिनी आदल्या रात्रीपासून चिंचेने हात घासायची. पहिल्या भेटीला मंगल आली ती नाकाला रुमाल लावून. आत्याची शिकवण. वहिनीने केळीच्या पानात बांधून आणलेली नारळाची वडी पुढे केली. पोरीने एका हाताने रुमाल धरला आणि दुसऱ्याने वडी घेतली. वडी खाताना रुमाल मांडीवर पडला तो तिथेच राहिला. मग तिने विचारलं, “तू का गेलीस?”

“मी नाय गेले.”

“बाबा म्हणतात गेलीस.”

“चाळीला विचार.”

पोरीने खरंच विचारलं. घरी जाऊन आमच्याच अण्णांना विचारलं, गॅलरीत, सगळ्यांसमोर. अण्णा म्हणाले, “लहान मुलांनी असं विचारू नये.” मी तिला जिन्यात गाठून सांगितलं, तुझ्या आईला बाबांनी काढलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तू बघितलंस?” मी म्हटलं, नाही. “मग?” म्हणाली आणि खाली उतरून गेली. सहा-सात वर्षांच्या पोरीला साक्षीपुराव्याचा कायदा समजतो. आमच्या सेक्रेटरींना समजत नाही.

यंदा पावसाळ्यात वहिनीला कावीळ झाली. मी मनोरीला गेले तेव्हा ती ओटीवर चटईवर पडलेली, डोळे हळदीसारखे. “पोर येते काय?” एवढंच विचारत होती. मी उलट्या पावली होडी धरून मालाडला आले, वसंतरावच्या दारात उभी राहिले. तो म्हणाला, “चाचणी परीक्षा आहे. शाळा बुडेल.” बायको मरते आहे आणि याला चाचणी परीक्षा… दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. निकाल लागलाच नाही. वकीलबाई म्हणाल्या, आता त्या दाव्यात उरलं काय? मग मनोरीच्या म्हाताऱ्या आजीला नात भेटावी म्हणून त्यांनी नवा अर्ज लिहायला घेतला. पहिल्याच ओळीशी थांबून मला म्हणाल्या, “आता तरी एक माणूस आणतेस का?”

चाळीने शोकसभा घेतली. सेक्रेटरी ‘मनमिळाऊ’ म्हणाले. मास्तर ‘सोशिक’ म्हणाले. सोशिक! ती सोशिक असती तर दोन-दोन कोर्टांत भांडली असती?

वसंतरावच्या दाराशी तो उंबरा आहे तसाच आहे, गॅलरीतून येता-जाता मी अजून अंग चोरून बाजूने जाते, तिथे कुणी बसलंय असं वाटतं. वर तीच खिडकी. दसरा तोंडावर आलाय. मंगल आता आठ वर्षांची आहे. आई गेली होती की घालवली होती, हे तिला अजून कुणी पाहणाऱ्याने सांगितलेलं नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी ती पानं घेऊन दारोदार येईल, तुमच्याही दारात येईल, “सोनं घ्या” म्हणेल. तुम्ही आमच्या चाळीतले असाल, किंवा दुसऱ्या कुठल्या चाळीतले, जिथे अशीच एखादी कडी तुमच्या देखत लागली… कोर्टाची भीती वाटते ना? नका येऊ कोर्टात. पण त्या पोरीच्या हातातलं पान घ्यायच्या आधी खाली बसा, तिच्या डोळ्यांत बघा आणि तुम्ही काय पाहिलंत ते तिला सांगा.