रस्ता ऐकणारे काका

उजव्या हाताचा पंजा छातीसमोर उभा धरायचा, मान जराशी डावीकडे कलती करायची आणि म्हणायचं, "थांब, आइकू दे." आर्णीच्या तहसील नाक्यावर तुम्ही कधी पाच मिनिटं उभे राहिला असाल, तर हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. पंजा खाली आला की काका रस्ता ओलांडायचे. काठी हातात असायची, पण ती खड्ड्यांसाठी. गाड्यांसाठी कान होते.

काका जन्मापासून आंधळे. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. तहसीलच्या व्हरांड्यात पोतं अंथरून बसायचे आणि बोटांनी भोकं चाचपत पट्टी ओढत राहायचे. खुर्ची समोर आली की आधी तिच्या खोलगटावर हात फिरवत. एकदा एका खुर्चीवर हात ठेवून ते म्हणाले, "हा साहेब डाव्या अंगावर बसते. कंबर दुखत असन त्याची." खुर्ची घेऊन आलेला शिपाई आत जाऊन विचारून आला. साहेबाची कंबर खरंच दुखत होती. मात्र ही बातमी कचेरीभर झाल्यामुळे साहेब दोन दिवस शिपायावर चिडलेले होते.

माणसांना ते गाडीवरून ओळखत. नाक्यावरचा किराणावाला त्यांच्या लेखी 'फुटका सायलेन्सर' होता आणि हायस्कूलचे मास्तर 'ढिली चैन'. मास्तरांना त्यांनी भर रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "गुरुजी, चैन कसून घ्या, नाही त महागावच्या रस्त्यानं ढकलत आनसान." मास्तर हसले. पुढच्या आठवड्यात ढकलत आले.

मी बी.ए. झालो, नोकरीची दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि शेवटी बॅटरीवरचा ऑटो घेतला. त्या वेळी तसा ऑटो आमच्या स्टँडवर एकच होता. या गाडीला इंजिन नाही, त्यामुळे ती आलेली कुणाला कळत नाही. म्हणून कंपनीनं पुढं एक डबी बसवलेली. गाडी हळू चालली की त्या डबीतून आपोआप घूंऽऽ असा आवाज निघतो आणि वेग वाढला की थांबतो. स्टँडवरच्या पोरांनी पहिल्याच दिवशी माझी भरपूर टिंगल केली. गाडीच्या पोटात कळ येते म्हणाले.

काकांनी तो आवाज ऐकला तेव्हा पंजा नेहमीपेक्षा जास्त वेळ वर राहिला.

"हे काय होय गा? पिठाची गिरनी आनली का रस्त्यावर?"

मी गाडी थांबवून डबीबद्दल सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे खोटा आवाज हाय."

"हो काका. गाडीचा नाही, डबीचा."

"असू दे," ते म्हणाले. "खोटा हाय, पन माह्यासाठी हाय. बाकीच्या गाड्या सोतासाठी बोंबलतेत."

तेव्हापासून मी 'गिरनी' झालो. मला ते नाव आवडायचं, हे आज सांगायला हरकत नाही.

मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल, काका, बसा, पलीकडं सोडतो. हात धरायला गेलं की ते झटकून टाकत. "हात नोको लावू. मले रस्ता आइकू येते." घरून निघणं, नाका ओलांडणं, व्हरांड्यात पोचणं, हे सगळं त्यांचं स्वतःचं होतं आणि त्यात त्यांना कुणाचा वाटा नको होता. मुलगा पुण्याला कंपनीत होता. घरी सून होती. ती एका खेड्यातल्या शाळेत खिचडी शिजवायला जायची आणि रोज सकाळी माझ्याच ऑटोत बसायची. तिलाही ते म्हणायचे, "तू तुह्या कामाले जाय. मी आंधळा होय, लंगडा नोहोय."

या वाक्यावर आम्ही सगळे हसायचो.

प्रवासी आवाजाची कुरकुर करायचे, म्हणून मी एका मिस्त्रीकडून हँडलपाशी एक बटन बसवून घेतलं होतं. दाबलं की डबी गप्प. असं करायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण नाक्यावर मी ते कधीच दाबत नसे. तेवढा नियम माझा मीच घातला होता.

त्या दिवशी दवाखान्यातून एक बाळंतीण माझ्या ऑटोत बसली. सोबत तिची आई. लेकरू चार दिवसांचं, रडून रडून नुकतंच झोपलेलं. गाडी हलली, घूंऽऽ झालं आणि ते दचकलं. "भाऊ, हे बंद होते का? लय मुश्किलीनं झोपलं जी," तिची आई म्हणाली. मी बटन दाबलं. खड्डे चुकवत, हळूहळू, त्यांना घरापर्यंत सोडलं. लेकरू उठलं नाही. म्हातारीनं मला भरभरून आशीर्वाद दिला आणि मी मोठ्या खुशीत परत निघालो. बटन तसंच राहिलं.

दुपारची जेवणाची सुट्टी होती. नाक्यावर जवळपास कुणी नव्हतं. वळणावर एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडून मला आधी तो पंजा दिसला. छातीसमोर उभा. काका ऐकत होते. मग पंजा खाली आला आणि त्यांनी पाऊल टाकलं.

मी ब्रेक दाबला. तरी गाडी लागली. जोरात नाही, पण त्या वयाला तेवढंही पुरलं.

लोक धावून आले तेव्हा मी काकांना उचलत होतो. काय झालं, कसं झालं, असं सगळे विचारू लागले. तेवढ्यात काकाच बोलले, "मीच अडखडून पडलो. या पोट्ट्यानं उचललं. चांगला पोट्टा हाय." कुणीतरी माझी पाठ थोपटली. त्या थापेची मला आजही शिसारी येते.

दवाखान्याच्या वाटेवर, मागच्या सीटवर आडवे पडल्यापडल्या त्यांनी विचारलं, "गिरनी, आज गुपचूप कायले होतास?"

मी रडतच लेकराचं सांगितलं. ते कण्हत होते. थोड्या वेळानं म्हणाले,

"उठलं का मंग लेकरू?"

"नाही काका."

"बरं झालं."

मग म्हणाले, "सुनेले सांगू नोको. तुह्याच गाडीत जाते ते. मंग कायची बसते? सात किलोमीटर पायी जाईन बिचारी."

खुब्याचं हाड मोडलं होतं. यवतमाळला ऑपरेशन झालं, पण काका पुन्हा नाक्यावर आले नाहीत. दारात एक खुर्ची टाकून बसायचे, आणि ती मात्र प्लास्टिकची होती. मी बटन उपटून फेकलं, वायर थेट जोडून घेतली. त्यांच्या दारापुढून जाताना गाडी मुद्दाम हळू करायचो, कारण हळू केल्याशिवाय आवाज येत नाही. दारातून पंजा वर यायचा. "आली गिरनी," म्हणायचे. मी घरात जाऊन बसलो की ते खुर्च्यांचं विचारायचे, मास्तरांच्या चैनीचं विचारायचे. नाक्याचं कधीच विचारलं नाही. एकदा मी म्हटलं, काका, चला, गाडीतून एक चक्कर मारून आणतो. ते म्हणाले, "आता मी लंगडाबी झालो न गा." या वेळी हसायला कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर पडले होते, होळीच्या आधी गेले.

त्यानंतरही मी त्या दारापुढं गाडी हळू करत राहिलो. सवय म्हणा, माफी मागणं म्हणा. एका सकाळी सून ऑटोत बसली आणि म्हणाली, "भाऊ, आपल्या घरापुढं तेवढं बटन बंद करत जा न. आवाज आला की वाटते, बाबाजी आता आली गिरनी म्हनतीन. मले सहन होत नाही."

"बटन नाही वहिनी."

"होतं न आंधी. काहून काढलं?"

मी काहीही सांगू शकलो असतो. बिघडलं, तुटलं, कंपनीनं काढलं. काकांनी तर मला सांगू नको म्हणून बजावलं होतं. पण ज्या माणसाचा मी रस्ता तोडला त्याच्याच शब्दाआड आणखी किती दिवस लपायचं? गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. बाळंतीण, लेकरू, बटन, टेम्पो, पंजा. सगळं.

ऐकून झाल्यावर ती खाली उतरली, पिशवी सावरली. "चार महिने त्यायचं सगळं मीच केलं भाऊ," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

काका माणसं बरोबर ओळखत. तेव्हापासून ती माझ्या ऑटोत बसलेली नाही. दुसऱ्या कुणाचा मिळाला तर जाते, नाहीतर पायी.

कधी कधी सकाळी त्या रस्त्यावर ती मला पुढं चालताना दिसते. मी गाडी हळू करतो. घूंऽऽ सुरू होतं. ती मागं वळून पाहत नाही. फक्त आवाज ऐकते आणि माझ्यासाठी रस्त्याच्या कडेला होते.