न झाडलेली गोळी

ओनो-सान गेल्याचा निरोप आला तेव्हा मी प्लॅस्टिकच्या कचऱ्याची पिशवी हातात धरून इमारतीखाली उभी होते. त्यांच्या पत्नीचा, मिचिको-सानचा, चार ओळींचा मेसेज. उतारावर पडले, कमरेचं हाड मोडलं, हॉस्पिटलात न्यूमोनिया झाला, घरच्या घरी विधी उरकले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी पिशवी तशीच घेऊन पुन्हा वर आले आणि नवऱ्याने "अगं, ही परत का आणलीस?" म्हटल्यावर रडायला लागले. ओनो-सान माझ्या नात्यातले कोणी नव्हते. पण त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली होती, चार वर्षं राहिली होती, आणि आता ती कायमचीच राहिली.

कावासाकीच्या ऑफिसात ते माझे सीनियर. नवऱ्याच्या पोस्टिंगमागे आलेली मी मोडक्यातोडक्या जपानीवर नोकरीला लागले, तेव्हा माझ्या पत्रांतल्या चुका ते पेन्सिलीने दाखवायचे, लाल पेनने कधीच नाही. अकरा सालच्या भूकंपाच्या दिवशी ट्रेन बंद पडल्या, तर हा माणूस मला पार योकोहामापर्यंत चालत सोडायला आला आणि वाटभर एवढंच बोलला, "जोशी-सान, बुटाची नाडी सुटलीय." रिटायर झाल्यावर ते तोचिगीच्या डोंगरातल्या आपल्या गावी गेले. भाजी लावायची, एवढाच बेत. पण त्याच भूकंपातल्या अणुवीजकेंद्राच्या अपघातानंतर तिकडच्या हरणांचं मांस खाण्याजोगं राहिलं नव्हतं, म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी एकेक करून बंदुका परत केल्या होत्या, आणि हरणं मळे ओरबाडून खात होती. तरुणपणापासून सुट्टीत येऊन शिकार करणारे ओनो-सान गावात बंदूक असलेले एकटे उरले. त्यांना उन्हाळ्यातही हरणं मारायची परवानगी मिळाली होती. मारायची आणि पुरून टाकायची.

"खायचं नाही, तर मारायचं कशाला?" मी फोनवर विचारलं. मी शाकाहारी, त्यामुळे असे प्रश्न विचारायचा मक्ता माझाच.

"या आणि बघा," ते म्हणाले. ऑगस्टमध्ये मी गेले.

संध्याकाळी निघताना त्यांनी मला नारिंगी जाकीट दिलं आणि गळ्यातला पांढरा नॅपकीन काढायला लावला. "पळणाऱ्या हरणाचा मागचा भाग पांढरा दिसतो. जंगलात पांढरं नको." मी नॅपकीन खिशात कोंबला. एका झाडाच्या बुंध्याशी, स्वतःच्या पाठीमागे, त्यांनी मला बसवलं. काहीही झालं तरी इथून हलायचं नाही, असं दोनदा सांगितलं. सूर्य मावळल्यावर गोळी झाडायची नाही, असा तिथला कायदा. त्या दिवशी तो साडेसहाला मावळणार होता. उकाडा असा की जाकिटात मी शिजून निघाले. शेवटी काढून मांडीवर घेतलं. उन्हाळ्यात गळ्यात नॅपकीन टाकायची सवय थेट डोंबिवलीची... हात आपोआप खिशात गेला आणि नॅपकीन पुन्हा गळ्यात आला. मला कळलंसुद्धा नाही. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. सहा वाजून पाच. दहा. मावळ रे बाबा लवकर, असं मी सूर्याला विनवत होते.

सव्वासहाला गवतातून हरिणी बाहेर आली. मागे पाडस. ओनो-साननी बंदूक खांद्याला लावली. त्यांचा श्वास थांबलेला मला मागून कळला. आता झाडतील, आता... मला ते सोसवेना. फांदी हलवून आवाज करावा, हरणं पळवून लावावीत, म्हणून मी बाजूच्या झुडपाकडे सरकले, आणि पाय घसरून उतारावरून गडगडत त्यांच्या पुढ्यातल्या उंच गवतात जाऊन पडले. हरणं उधळली. बंदुकीची नळी हरणांच्या मागोमाग वळली आणि गवत हललं, पांढरं दिसलं तिथे, म्हणजे माझ्यावर, येऊन थांबली. तिचं काळं तोंड मला दिसत होतं. ओरडायचं सुचलंच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग नळी सावकाश खाली गेली.

"जोशी-सान?" त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"पाय घसरला," मी म्हटलं.

काडतुसं काढताना त्यांच्या हातून एक गवतात पडलं आणि ते शोधत आम्ही दोघं रांगत होतो. "चूक माझी," ते म्हणत राहिले. "समोर काय आहे ते दिसल्याशिवाय नळी वळवायची नसते. चाळीस वर्षांत असं झालं नाही." पाय घसरला हे खरंच होतं. मी जागेवरून का उठले, ते मात्र मी सांगितलं नाही. आठवड्याभरात त्यांनी बंदूक पोलिसांकडे जमा केली. "डोळ्यांचा भरवसा राहिला नाही," असं फोनवर म्हणाले. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं होतं. जगातली एक बंदूक कमी झाली... केवढा माझा शहाणपणा!

आपल्याकडे तेरावा, तसा तिकडे एकोणपन्नासावा दिवस असतो. त्या दिवशी मी गेले. दुपारी पाहुणे पांगल्यावर मिचिको-सानना विचारलं, "ते उतारावर गेले कशाला होते?"

"हरणांच्या मागे," त्या म्हणाल्या. "बंदूक दिल्यापासून रोज संध्याकाळी पातेलं बडवत जायचे. सत्तरी उलटली, आता पुरे, म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. मळा जाईल म्हणायचे."

मग मी सगळं सांगितलं. जाकीट, नॅपकीन, फांदी, सगळं. त्यांचे डोळे ठीक होते, मी मुद्दाम उठले होते, हेही. मिचिको-सान मान खाली घालून ऐकत होत्या. बाहेर ऊन उतरलं होतं. माझं संपल्यावर त्या उठल्या. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी दारामागच्या खिळ्यावरून बुडाला पोचे आलेलं एक पातेलं काढलं, लाकडी दांडक्यासकट माझ्या हातात दिलं.

"हरणं यायची वेळ झाली," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही जा."

मी उतार चढून गेले. हरिणी मुळ्याच्या वाफ्यात उभी होती. माझ्याकडे बघून तिने कान टवकारले आणि पुन्हा मान खाली घालून खायला लागली. मी पातेलं उचललं आणि हात दुखेपर्यंत बडवत राहिले.